सकाळी चेन मस्त चालते, अकरा वाजले की झटके. बाजूच्या गाईड रेलचा प्रॉब्लेम आहे का?

रात्रपाळीचा_फिटर
नमस्कार मंडळी, ज्यूसच्या लाईनवर मेंटेनन्सला आहे, २०० मिलीच्या काचेच्या बाटल्या, गरम भरतो म्हणजे ८५ अंशाच्या आसपास. फिलर, कॅपर, मग तीन मीटर सरळ कन्व्हेअर, मग ९० अंशाचं वळण आणि पुढे कूलिंग टनेल. स्टीलची स्लॅट चेन आहे, म्हणजे सपाट पट्ट्या पिनने जोडलेली, बाटल्या तिच्यावर उभ्या राहतात, साडेतीन इंची नाही हो, ती सव्वातीन इंचीवाली. मागच्या रविवारी चेनखालच्या जुन्या वेअर स्ट्रिप, म्हणजे चेन ज्यांच्यावरून घसरते त्या पट्ट्या, काढून नवीन पांढऱ्या यूएचएमडब्ल्यू प्लॅस्टिकच्या टाकल्या, कारण जुन्यांना चेनने खोल चर पाडले होते. तेव्हापासून रोजचं एकच नाटक, सकाळी आठला चालू केलं की लोण्यासारखी चालते आणि साडेदहा अकराला वळणाच्या आधी झटके मारायला लागते, बाटल्या आडव्या, मोटर दोनदा ओव्हरलोडवर ट्रिप. बाजूच्या गाईड रेल मी चार वेळा आत बाहेर करून बघितल्या, काही फरक नाही. जेवणाच्या सुट्टीत लाईन बंद असते आणि नंतर परत तासभर बरी चालते. सुपरवायझर म्हणतो चेन बदला. चेनला दीड वर्षच झालंय.

वाळूजकर
चेन बदलायच्या आधी मोजून बघा, फुकटचं काम आहे. या चेनचा पिच, दोन पिनमधलं अंतर, ३८.१ मिमी, म्हणजे दहा पिच ३८१ भरले पाहिजेत. चेन ताणात असताना एका पिनपासून अकराव्या पिनपर्यंत टेप लावा, ३९२ च्या पुढे गेलं की तीन टक्के वाढ झाली, मग बदलायची. आणि बहुतेक लोकं सैल दिसली की चेन ताणून बसवतात, तेही नको. ड्राइव्ह स्प्रॉकेटमधून, म्हणजे मोटरच्या दातेरी चाकातून, सुटल्यावर खालच्या बाजूला थोडी झोळी पाहिजेच. माझा अंदाज तुमची चेन टाइट झालीय, दोन लिंक वाढवून बघा.

रात्रपाळीचा_फिटर
मोजली. ३८४. झोळी पण आहे. लिंक वाढवायची गरज वाटत नाही.

जुनी_खोड
मग चेनचा काही दोष नाही, बिचारीला सोडा. मला एकच सांगा, नवीन पट्ट्या बोल्टने कशा बसवल्या? दोन्ही टोकांना आणि मधे आवळून? आणि दोन पट्ट्या एकमेकांना चिकटवून?

रात्रपाळीचा_फिटर
हो काका, तीन मीटरची अख्खी पट्टी, दर ३०० मिमीवर काउंटरसंक (डोकं आत बुडणारे) बोल्ट, सगळे फुल टाइट. पुढचं टोक वळणाच्या ब्लॉकला अगदी भिडवलंय, म्हटलं फट राहिली तर चेन अडकेल.

जुनी_खोड
तिथेच पाल चुकचुकली. हे प्लॅस्टिक उष्णतेने किती वाढतं याचा लोकांना अंदाजच नसतो. मीटरला दर अंशाला साधारण ०.२ मिमी धरा. तुमच्याकडे टेंपरेचर गन असेल तर सकाळी आणि अकराला पट्टीवर मारा. समजा २६ चं ६१ झालं, म्हणजे ३५ अंश, तीन मीटरला एकवीस मिमी!! त्याच लांबीचं स्टेनलेस तेवढ्याच तापमानाला जेमतेम दोन मिमी वाढतं. आता ही एकवीस मिमी जाणार कुठे, एका बाजूला ब्लॉक, वरून बोल्ट, मग दोन बोल्टच्या मधे पोट फुगतं आणि चेन त्या उंचवट्यावरून उड्या मारते. जेवणाच्या सुट्टीत गार झाली की पट्टी परत बसते, म्हणून तासभर बरं चालतं. गाईड रेल फिरवून याला काही होणार नाही.

असं करा. पट्टी फक्त मागच्या टोकाला, म्हणजे चेन जिथून पट्टीवर येते तिथे पक्की करा, बाकी बोल्टना लांबट भोकं आणि डोकं पृष्ठभागाच्या खाली. चेन पट्टीला ओढत नेते, त्यामुळे ती ताणात सरळ राहते. उलटं केलंत, म्हणजे पुढचं टोक धरलं आणि मागचं मोकळं ठेवलं, तर चेन पट्टीला ढकलते आणि पोट येतंच. तीन मीटरचे दोन तुकडे करा, सांधा ४५ अंशात कापा म्हणजे प्रत्येक स्लॅटला कुठेतरी आधार राहतो, फट थंड असताना तापमानाच्या हिशोबाने ठेवा, दीड मीटरला दहा बारा मिमी लागेल. चेन येते त्या कडेला कानशीने उतार द्या. आणि हे सगळं आयसोलेटर, म्हणजे मेन स्विच, बंद करून कुलूप लावूनच करा. हातमोजे घालून चालत्या चेनवर पट्टी चाचपणारा एक जण मी पाहिलाय, हातमोजा आधी आत गेला.

गोडवा
काकांचं बरोबर पण एक गोष्ट राहिली. ज्यूस सांडतो म्हणजे साखर. साखर वाळली की चेन चिकटून सुटते आणि तसेच झटके बसतात. फरक ओळखायला सोपं आहे, साखरेचे झटके बंद लाईन चालू करताना जास्त असतात आणि गरम पाणी मारलं की कमी होतात. इथे गरम पाणी मारून उलट वाढले तर पट्टीच. आणि काच फुटली असेल तर पट्टीत रुतलेले तुकडे आधी काढा, नाहीतर नवीन पट्टी सँडपेपरचं काम करते, चेन खाते.

रात्रपाळीचा_फिटर
आज केलं. गनने सकाळी २७, अकराला ५८. सुतळी ताणून बघितली तर मधे चांगले चार मिमी पोट होतं, सुपरवायझरला बोलावून दाखवलं. दोन तुकडे, लांबट भोकं, तिरका सांधा, बारा मिमी फट. दुपारी तीनपर्यंत एकही झटका नाही, मोटरचा करंट पण उतरला. पण वळणातून बाहेर पडताना दर दहा मिनिटाला एखादी बाटली अजून आडवी होते.

वाळूजकर
लिंकचं माझं चुकलं, मान्य. ही आता खरी गाईड रेलची गोष्ट. चार वेळा आत बाहेर केलीत ना, तिथे गाळा, म्हणजे बाटलीच्या दोन्ही बाजूंची मिळून मोकळी जागा, किती ठेवलाय? बाटलीच्या व्यासापेक्षा एकूण तीन ते पाच मिमी जास्त, त्याच्यापुढे गेलं की बाटल्या नागमोडी होऊन एकमेकींना दाबतात. आणि रेलची उंची बघा, फार खाली असेल तर बाटली तिच्यावरून पलटते. वळणाच्या शेवटी रेलचा सांधा बोट फिरवून तपासा, अर्थात चेन बंद असताना, अर्धा मिमीची धार पण पुरते.

रात्रपाळीचा_फिटर
गाळा ११ मिमी आहे 🙈 आणि एक क्लॅम्प सैल. रात्री लाईन थांबली की करतो.