अंडरकव्हर म्हणजे वेषांतर?

अनुवादिका: एका हेरकथेचा अनुवाद करते आहे. नायक तीन वर्षं शत्रूच्या टोळीत दुसऱ्याच नावाने राहतो, पुढे पकडला जातो आणि तुरुंगातून निसटतो. मी लिहिलं, 'तीन वर्षं तो वेषांतर करून राहिला.' संपादकांनी ते खोडलं. म्हणाले, कपडे कुठे बदललेत त्याने? खरंच आहे. बदललाय तो अख्खा भूतकाळ. 'गुप्तहेर म्हणून राहिला' म्हटलं तर त्या राहण्यातली घुसमट येत नाही.

जुना वाचक: आधी 'गुप्तहेर' काढा. उघड हेर कोणी पाहिलाय? 'हेरणे'शी जोडलेला नुसता 'हेर' पुरे.

शब्दवेडी: काका, नाही पटत. 'गुप्तहेर' कधीच रुळलाय. 'पिवळा पीतांबर' चालतो तर हाही चालतो.

संस्कृतप्रेमी: कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नेमका शब्द आहे, व्यंजन. वैदेहकव्यंजन म्हणजे व्यापारी म्हणून वावरणारा हेर, तापसव्यंजन म्हणजे तपस्वी म्हणून. हे नुसतं सोंग नव्हे. त्या व्यापाऱ्याला खरोखर व्यापार करावा लागे. ताईंना हवी ती छटा हीच.

शब्दवेडी: पण 'व्यंजन' म्हटलं की वाचकाला क-ख-ग आठवणार! 'तोतया' घ्या ना.

अनुवादिका: तोतया खऱ्या माणसाची जागा घेतो. सदाशिवरावभाऊंचा तोतया भाऊ म्हणूनच मिरवला. माझा नायक कधी नव्हताच अशा माणसाचं आयुष्य जगतो.

जुना वाचक: आणि तुरुंगाच्या प्रकरणात 'सुटका' लिहू नका. सुटका दुसरा कोणी करतो. जॉर्ज ब्लेक या दुहेरी हेराला 1961 साली 42 वर्षांची शिक्षा झाली आणि 1966 साली तो लंडनच्या तुरुंगाची भिंत दोराच्या शिडीवरून ओलांडून गेला. हे पलायन.

शब्दवेडी: मग 1666 ची 'आग्र्याहून सुटका'? तिथे महाराजांना कोणी सोडलं होतं? 'पलायन'ला भित्रेपणाचा वास येतो, म्हणून तिथे तो शब्द कोणी घेत नाही.

जुना वाचक: महाराजांची गोष्ट वेगळी. आमचे वडील अशा वेळी 'पोबारा केला' म्हणत. तो सोंगट्यांच्या खेळातला शब्द, फाशांचं दान. असे शब्द जपले पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं.

संस्कृतप्रेमी: जपायचंच तर 'कारागृह' जपा. 'तुरुंग' पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आलाय.

जुना वाचक: आला आणि घरचा झाला. 'तुरुंग फोडला' यात जो जोर आहे तो 'कारागृह भेदले'त कुठे?

शब्दवेडी: काका, मग हाच न्याय 'गुप्तहेर'ला का नाही?

अनुवादिका: माझं वाक्य अजून अडलेलंच आहे. कालपासून एक घोळतंय: 'स्वतःचं नाव पुरून तो तीन वर्षं तिथे राहिला.' चालेल?

संस्कृतप्रेमी: 'पुरून उरणे'मधलं पुरणे वाटेल का कोणाला? ते पुरेसं होण्याचं, हे मातीत गाडण्याचं.