नांदूर मध्यमेश्वरला गटाने जलरंग: वॉश वाळत नाही, पाणी सपाट दिसतं

गोदाकाठ
डिसेंबरात आमचा पंधरा जणांचा गट नांदूर मध्यमेश्वर तलावाकाठी, चापडगावच्या बाजूला बसून जलरंगात काम करणार आहे. बहुतेक नवखे. सकाळी पहिला वॉश (पाणी घालून पसरलेला पातळ रंगाचा थर) वाळत नाही, त्यावर पाणकणीस (काठावरचं उंच पाणगवत) काढायला गेलं की रंग फुटतो, म्हणजे वेडावाकडा पसरून डाग पडतो. शिवाय पाणी राखाडी पत्र्यासारखं दिसतं. काय करावं?

ओला_ब्रश
निफाडच्या थंडीत, त्यात धुकं असेल तर, वॉश लवकर वाळणारच नाही. प्रत्येकाने ३०० जीएसएमचे (म्हणजे जाड) कोल्ड प्रेस, किंचित खरखरीत कागद, ११ × १५ इंचांचे दोन, वेगवेगळ्या बोर्डांवर चारही बाजूंनी टेप लावून न्यावेत. एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर रेखाटन. वरची चकाकी गेली म्हणजे कागद वाळला असं नाही. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवा. गार लागला तर आत ओल आहे. नेमक्या याच वेळी भरपूर पाण्याचा ब्रश लागला की रंग फुटतो.
पाणकणसासाठी ट्यूबमधला तयार सॅप ग्रीन टाळा, त्याची हिरवी भिंत होते. डिसेंबरात पाती पिवळी पडू लागलेली असतात. यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) थोडं अल्ट्रामरीन (निळा) पुरतं. बुडखा ओल्यातच पाण्यात मिसळू द्या, शेंडे मात्र कोरड्या ब्रशने.

गाळपेर
पाणी पत्र्यासारखं दिसतं कारण वरपासून खालपर्यंत एकच छटा जाते. लांबच्या पाण्यावर नजर तिरकी पडते, म्हणून तिथे आकाशच दिसतं. पायाजवळ ती खाली उतरते आणि गाळ, शेवाळ डोकावतं. क्षितिजाशी फिकट ठेवा, खाली येताना अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाने (तांबूस तपकिरी) गडद करत या. गडद वस्तूचं प्रतिबिंब किंचित फिकट, फिकट वस्तूचं किंचित गडद. पाती उजवीकडे कलली असेल तर प्रतिबिंबही उजवीकडेच कलतं. इथे बरेच जण चुकतात. झुळुकेचा फिकट पट्टा ओलसर, पिळलेल्या सपाट ब्रशने उचला, पण अगदी आडवा. तिरपा झाला की तलाव उतारावर आल्यासारखा वाटतो.
पाण्यावरच्या चमचमीसाठी कागद पांढरा राखायला मास्किंग फ्लुइडपेक्षा (लावून नंतर सोलून काढायचा द्रव) मेणबत्ती बरी. फ्लुइड उन्हात राहिलं तर काढताना कागद सोलतं. मेण मात्र वॉशच्या आधी, कोरड्या कागदावर घासायचं. ते नंतर निघत नाही, म्हणून जागा आधी ठरवा.
शक्य असेल तर नवख्यांना आळीपाळीने निरीक्षण मनोऱ्यावर न्या. वरून गाळाची बेटं सुटी दिसतात, काठावरून ती एकाच रेषेत चिकटतात.

वारकरी_बदक
हे अभयारण्य आहे आणि रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, त्यामुळे वन विभागाशी आधी बोलून घ्या. पांढरी छत्री आणि भडक कपडे नकोत, पक्षी उठतात. पाच-पाच जणांचे गट करून लांब लांब बसा. माणशी एक लिटर पाणी न्या. ब्रश धुतलेलं पाणी तलावात अजिबात ओतू नका, काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं. पाच लिटरचे तीन रिकामे कॅन न्या आणि ते भरून परत आणा. टेपचे तुकडे, टिश्यू वाऱ्याने पाण्यात जातात, त्यांना झाकणाचा डबा हवा.

गोदाकाठ
धन्यवाद! नऊनंतर ऊन थेट कागदावर येतं, चालेल?

ओला_ब्रश
नाही. उन्हात कागद इतका उजळतो की रंग फिके वाटतात आणि आपण ते जास्त गडद लावत जातो. घरी चित्र काळवंडलेलं दिसतं. पाठ सूर्याकडे करा, बोर्ड स्वतःच्या सावलीत धरा. तेही जमत नसेल तर रंगवणं तिथेच थांबवा आणि पेन्सिलने छटांची टिपणं करून घ्या.