मागाच्या शेडातल्या टाक्या: पाणी बदललं आणि सकाळी एंजल मेले, चूक कुठं झाली?

धोटा_वडगाव

नमस्कार मंडळी. वडगावात आमचं पॉवरलूमचं शेड होतं, चार माग. दोन वर्षांपूर्वी माग भंगारात गेले. त्या जागेत अँगलचे रॅक मारून मी टाक्या मांडल्या. आता 14 आहेत, सगळ्या दोन बाय एक बाय एक फुटाच्या. गप्पी, मोली आणि एंजल, हे शोभेचे मासे. धंदा म्हणण्यासारखं काही नाही, खरं माशांचं खाणं आणि लाईटबिल सुटतं.

पाण्याचं असं आहे. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं आणि ते आधी घरात. त्या दिवशी आई संपापाशीच (जमिनीतल्या टाकीपाशी) उभी असते, मला दोन बादल्या मिळाल्या तर मिळाल्या. शेडच्या मागं बोअर आहे, ते मात्र केव्हाही.

गेल्या रविवारचं सांगतो. सात नंबरच्या टाकीत एंजलची अडीच महिन्यांची 38 पिल्लं होती. पाणी पिवळट झालेलं. दीड महिना नुसती आटेल तेवढी नळाच्या पाण्याची भर घालत होतो, बदललं नव्हतं. म्हटलं आज करूच. निम्म्याच्या वर काढलं, 30 लिटर तरी, आणि बोअरचं पाणी थेट पाइपनं भरलं. अँटी-क्लोरीन घातलं, तेही बाटलीवर लिहिल्याच्या दुप्पट. रात्री दहाला बघितलं तर पिल्लं मजेत, दाण्यावर तुटून पडली. सकाळी सहाला दार उघडलं तर सगळी तळाला. सात उरली.

कळेना झालंय ते हे, की शेजारच्या आठ नंबरला गप्पी आहेत. त्याच दिवशी, तेच पाणी, तेवढंच बदललं. एकसुद्धा मेला नाही.

दुकानदार म्हणतो क्लोरीन राहिलं असणार. मला पटेना.

अजून दोन प्रश्न. शेडात आजोबांच्या खड्डामागाचा खड्डा तसाच आहे. त्याला प्लास्टर करून पाणी साठवायचा हौद केला तर? आणि सुताच्या रंगाचे जुने निळे ड्रम पडून आहेत, ते वापरू का?

निपाणीचा_फायटर

आरओ बसव भावा, एकदाच खर्च. मी फायटर माशांसाठी आरओचंच पाणी वापरतो, बदामाचं वाळकं पान टाकायचं की झालं. बोअरच्या नादाला लागू नको.

डार्करूम_खानापूर

आरओचं नंतर बघू. 14 टाक्यांना आरओ लावला तर जेवढं पाणी मिळेल त्याच्या दुप्पट-तिप्पट मोरीत जाईल, आणि पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या घरात त्याची आई त्याला आरओसकट बाहेर काढेल.

धोट्या, दुकानदाराचं राहू दे. बोअरमध्ये क्लोरीन आलं कुठून? तू दुप्पट अँटी-क्लोरीन ओतलंस ते नसलेल्या रोगावर. त्यानं मासे मेले नाहीत, पण वाचणारही नव्हते.

मला चार गोष्टी मोजून सांग. एक, बोअरचं पाणी काढल्या-काढल्या पीएच किती, म्हणजे पाणी किती आम्ल (7 च्या खाली) की अल्कली (7 च्या वर) ते. दोन, तेच पाणी बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून 24 तास ठेवल्यावर किती. तीन, एंजलची अजून एखादी टाकी तशीच न बदललेली असेल तर तिचा पीएच आणि माशांच्या घाणीतून सुटणारा अमोनिया. चार, गप्पीच्या टाकीत असं काय आहे जे एंजलच्या टाकीत नाही? वाळू, दगड, झाड, काहीही. तोवर दुसऱ्या कुठल्याच टाकीला बोअरचं पाणी लावू नकोस.

अथणीचा_बोअर

तोवर हौदाचं मी सांगतो. मी चार सिमेंटचे हौद बांधलेत, दोनदा मार खाल्लाय. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. पहिलं पाणी भरलं की पीएच 11 च्या घरात जातो, त्यात मासा सोडणं म्हणजे चुन्याच्या निवळीत सोडणं. भरायचं, चार-पाच दिवस ठेवायचं, सोडून द्यायचं, तळ-भिंती घासायच्या, पुन्हा भरायचं. आमच्याकडं केळीचं खोड चिरून त्या पाण्यात कुजवतात, मीही तेच करतो. मग ते सगळं घाण पाणी काढून परत दोन-तीनदा स्वच्छ भरायचं. किती दिवस लागतात ते विचारू नका, मोजायचं. दोन दिवस भरून ठेवल्यावर हौदातल्या पाण्याचा पीएच आणि मूळ पाण्याचा पीएच सारखा आला की हौद तयार. माझ्या एका हौदाला दीड महिना लागला.

रंगाचे ड्रम नको अण्णा. प्लास्टिक रंग पितं, कितीही धुवा. खाण्याच्या तेलाचे किंवा लोणच्याचे ड्रम मिळाले तर बघा. वास राहतो, जीव जात नाही.

आणि बोअरला एवढं घाबरायचं कारण नाही. आमच्या काळ्या रानातल्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 1,400 आहे. मोली आणि गप्पी त्यात अशा वाढतात की ठेवायला जागा पुरत नाही. एंजल मी पाळतच नाही, मिटलं.

धोटा_वडगाव

काका, मोजलं. किट मित्राकडून आणलं.

बोअर, काढल्या-काढल्या: पीएच 6.9. केएच (पीएच पडू न देणारी क्षारता) 14 थेंबांवर रंग बदलला, म्हणजे 14. टीडीएस 640.
तेच बोअर, 24 तास हवा देऊन: पीएच 8.3!! दोनदा केलं, तेच आलं.
नळ: पीएच 7.2, केएच 2, टीडीएस 70.
बारा नंबरची टाकी, त्यात एंजलच आहेत, दीड महिना बदललेली नाही: पीएच 6.2. अमोनिया किटच्या कार्डावरच्या सगळ्यात गडद हिरव्याला टेकला, म्हणजे 8.

गप्पीच्या टाकीत वेगळं काही नाही. बायकोनं मालवणहून आणलेली शिंपलं टाकलीत शोभेला, ओंजळभर. तेवढंच.

डार्करूम_खानापूर

तुझ्या बायकोच्या शिंपल्यांनी गप्पी वाचवले. आता बस, सांगतो. लांबेल.

मी तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, निम्मं आयुष्य लाल दिव्याखाली पाण्याशी खेळण्यात गेलं. पाणी नळातून येतं तेव्हा ते पूर्ण झालेलं नसतं, हे तिथं शिकलो. तुझ्या बोअरचं तसंच आहे. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, म्हणून काढल्या-काढल्या पीएच 6.9 दिसतो. हवा लागली की तो वायू उडून जातो आणि पाण्याचा खरा पीएच वर येतो, तुझ्याकडं 8.3. म्हणजे तू टाकीत 6.9 चं पाणी घातलं नाहीस, रात्रभरात 8 पार होणारं पाणी घातलंस.

आता टाकीकडं ये. नळाचं पाणी मऊ. राकसकोप धरणाचं असो, हिडकल धरणाचं असो, घाटाकडच्या पावसाचंच पाणी ते. त्यात पावसाळ्यात गढूळपणा बसवायला तुरटी पडते, आणि एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. तुझा केएच आधीच 2. माशांची घाण कुजवून नायट्रेट करणारे जंतू काम करताना आम्ल सोडतात, ते हा केएच संपवत जातं. दीड महिन्यात संपला. पीएच 6.2 वर आला. एवढ्या आम्लात ते जंतू ढेपाळतात आणि अमोनिया साठत जातो. तरी मासे जिवंत, दाणा खातात, कारण कमी पीएचला जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियम होऊन राहतो आणि तो फारसा बाधत नाही. साडेसहाच्या पीएचला विषारी भाग हजारात दोन. आठच्या पीएचला शंभरात पाच-सहा. पीएच एकानं चढला की विष दहापट.

सात नंबरलाही असाच अमोनिया साठला असणार. तू निम्म्यावर काढलास, राहिला तोही पुरेसा होता. रात्री दहाला बोअरमधला वायू अजून पाण्यात, पीएच खाली, पिल्लं मजेत. पहाटेपर्यंत वायू उडाला, पीएच चढला, त्या अमोनियमचा अमोनिया झाला. शिवाय एका रात्रीत पाणी मऊचं कठीण झालं, त्याचाही धक्का असतोच. पण मारलं अमोनियानं.

शिंपली म्हणजे चुनाच. पाणी आंबायला लागलं की विरघळते, केएच पडू देत नाही, जंतू कामावर राहतात. गप्पीच्या टाकीत अमोनिया साठलाच नव्हता, मग बोअरचं पाणी घातल्यावर विष कशाचं होणार? शिवाय गप्पीला कठीण पाणी आवडतं.

बारा नंबरची टाकी आता गावठी बॉम्ब आहे. तिला बोअर दाखवू नकोस, शिंपलीही आत्ता टाकू नकोस. खाणं चार दिवस बंद, मग अगदी चिमूटभर. रोज पाच-सहा लिटर काढायचं आणि नळाचं मुरवलेलं मऊ पाणी हळूहळू घालायचं. अमोनिया 0.5 च्या खाली आला की मग केएच चढव, तोही आठवडा घेऊन.

नळाचं मुरवायचं कसं ते सांगतो, कारण तिथं क्लोरीन खरंच असतं. नळाच्या पाण्यात लिटरला 0.2 ते 1 मिलिग्रॅम क्लोरीन राहावं असं भारतीय मानक म्हणतं. पावसाळ्यात जास्तही येतं. आमच्या गावात पंचायतीचा पाणीवाला टाकीत टीसीएल म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर डोळ्यानं मापून टाकतो. एकदा त्याचा हात सैल सुटला आणि माझे दोन डझन टेट्रा मासे गेले. तेव्हापासून मी ओटीच्या (क्लोरीन तपासायच्या रसायनाच्या) थेंबांची बाटली बाळगतो. नळीत पाणी, थेंब, पिवळं झालं की क्लोरीन आहे. ते ओटी विषारी असतं, तपासलेलं पाणी परत टाकीत ओतायचं नाही.

24 तास हवा दिली की साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर हायपो. दुकानातलं अँटी-क्लोरीन म्हणजे बहुतेक तेच, आम्ही फिल्म फिक्स करायला पोत्यानं आणत होतो, सोडियम थायोसल्फेट. 100 ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एक लिटर करायचं. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर 200 लिटरच्या ड्रमला 15 मिली भरपूर झालं. कुणी जुन्या स्टुडिओतला फिक्सर फुकट देतो म्हणाला तर घेऊ नकोस. त्यात आम्ल असतं, आणि रॅपिड फिक्सर तर अमोनियम थायोसल्फेट. अमोनियानंच पिल्लं गेली, त्यात अजून अमोनिया कशाला.

ड्रम एकच घे, स्वच्छ, 200 लिटरचा. 150 लिटर नळ, 50 लिटर बोअर. तुझ्या आकड्यांनी केएच बरोबर 5 येतो, टीडीएस दोनशेच्या थोडा वर. एंजलला चांगलं, मोलीच्या टाक्यांत शिंपली टाक. हवा लावून एक दिवस-रात्र शेडातच ठेव, म्हणजे उष्णताही टाकीएवढी होते. थंडीत हे विसरू नकोस, जानेवारीतलं नळाचं पाणी हाताला चावतं. 14 टाक्यांत साधारण 700 लिटर पाणी. आठवड्याला पाचवा हिस्सा बदललास तर 140. एक ड्रम पुरतो. आईकडं पाच दिवसांनी 150 लिटर मागायचं धाडस मात्र तुझं तुला करायचंय.

निपाणीचा_फायटर

हे मला माहीतच नव्हतं. माझ्या आरओच्या पाण्याचा केएच तर शून्यच येत असेल की?

डार्करूम_खानापूर

शून्याच्या जवळच. फायटर काटक म्हणून चाललंय, आणि तू पाणी वरचेवर बदलत असणार. दीड महिना सोडून बघू नकोस.

धोटा_वडगाव

काका, 24 दिवस झाले. आईला 150 लिटरचं सांगितलं नाही, शेडाच्या पत्र्याखालच्या जुन्या टाकीला नळाचा वेगळा तुकडा जोडला. तिला कळलंय, ती बोलेना झालीय, खरं तोडलाही नाही.

बारा नंबरचा अमोनिया 8 वरून 0.25 वर. एक एंजल गेला, बाकी अकरा आहेत. ड्रममधल्या मिश्रणाचा पीएच हवा दिल्यावर 7.7, दुसऱ्या दिवशीही तेवढाच. खड्ड्याला प्लास्टर केलं, केळीचं खोड घातलंय, अथणीच्या अण्णांनी सांगितलेलं तसं. त्याचा पीएच सध्या 10 च्या वर आहे आणि शेडात वास असा, की घरचं कुणी फिरकत नाही. मला बरंच आहे.

परवा तीन नंबरमधल्या जोडीनं पीव्हीसीच्या पाइपावर अंडी घातली. पहिल्यांदाच. काल सकाळी बघितलं तर सगळी खाल्लेली.

अथणीचा_बोअर

पहिल्या खेपेला खातातच. पंधरा दिवसांत परत घालतील बघा.

डार्करूम_खानापूर

होय. टाकीपुढं सारखं जाऊन उभा राहू नकोस, दिवा रात्री एकदम घालवू नकोस, बाकी त्यांचं त्यांना कळतं.

एक राहिलं. ओटी तपासलेलं पाणी कुठं ओततोस?

धोटा_वडगाव

मोरीत, काका.