मदत हवी आहे: इंदूरच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले चित्ररथ), रात्रीचा उजेड आणि चटकन फोकस होणारी लेन्स

मंडळी, अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांपुढे चालणाऱ्या आखाड्यांचे फोटो मला काढायचे आहेत. लाठी-तलवार फिरवणारे खेळाडू चार ते आठ मीटरवर असतात, मागे झांकीचा लखलखाट आणि चेहऱ्यावर अंधार. तलवार हातात असलेल्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं धोक्याचं, म्हणून फ्लॅश नकोच.

कॅमेरा बॉडी कॅनन ८०डी आहे, ती बदलणार नाही. १८-१३५ झूम लेन्स पुढे सरकवली की एफ/५.६ वर येते, म्हणजे उजेड कमी आत घेते. १/५०० शटर ठेवलं तर आयएसओ ६४०० सुद्धा अपुरा पडतो. एआय सर्व्हो (हलत्या माणसावर सतत फोकस धरणारा मोड), फक्त मधला फोकस पॉइंट, बॅक-बटन फोकस (मागच्या बटणाने फोकस) हे सगळं करून झालं. तरी फोकस मागच्या दिव्यांवर जातो.

बजेट तीस हजार, सेकंडहँड चालेल. ईएफ ८५ एफ/१.८ यूएसएम किंवा ईएफ ३५ एफ/२ आयएस यूएसएम घ्यावी असं मनात आहे. आयएसने (लेन्समधल्या स्थिरीकरणाने) हाताची थरथर सावरेल, पण फिरणारी लाठी थोडीच थांबणार! ८५ या बॉडीच्या लहान (क्रॉप) सेन्सरवर १३६ सारखी, म्हणजे दृश्य आणखी जवळ ओढणारी होते, आणि गर्दीत मागे सरकायला जागा नसते.

ज्यांनी या दोन्ही वापरल्यात त्यांनी सांगावं: अंधारात, अंगावर येणाऱ्या खेळाडूवर सर्व्होमध्ये कोणती जास्त खात्रीने फोकस धरते, आणि ८५ चं छिद्र एफ/२.२ पर्यंत लहान केलं तर चेहरे नीट मिळतात का?