पुरातला विठोबा

दादा, तुम्ही विचारलंय एवढं सोसल्यावर देवावर भरोसा ठेवायचा कसा, तर आमचंच सांगते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-दूधगंगेला पूर आला तेव्हा आमच्या कर्नाटकातल्या चिकोडी भागात ऊस पाण्याखाली, घराची मागची भिंत गेली आणि आम्ही सगळे शाळेत सतरंजीवर. देवाचा राग आलेला मला, खरंच. आई मात्र रोज संध्याकाळी भिजक्या पिशवीतनं विठ्ठलाचा फोटो काढून पदरानं पुसायची आणि भजन धरायची, मग शेजारच्या कन्नड बायका पण टाळ्या द्यायला लागल्या, शब्द येत नव्हते तरी. त्या रात्री मी पोटभर रडले आणि बघा, हसले पण. कर्ज अजून फिटायचंय. काचेच्या आत पाण्याचा डाग पडलेला तो फोटो मात्र नव्या भिंतीवर तसाच लावलाय.