शब्दचर्चा: निवडणुकीतल्या ‘व्हॅलन्स’ला मराठीत काय म्हणावं?

ओसरी: निवडणुकांवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि ‘व्हॅलन्स’पाशी गाडी अडली आहे. कोशात ‘संयुजा’ मिळतं, पण ते रसायनशास्त्रातलं. उमेदवाराची संयुजा म्हटलं तर वाचकाला सोडियम आणि क्लोरीन आठवतील. राजकारणात हा शब्द डोनाल्ड स्टोक्स या अमेरिकी अभ्यासकाने १९६३ साली आणला. काही मुद्द्यांवर मतदार दोन बाजूंना असतात, काहींवर सगळेच एका बाजूला. भ्रष्टाचार हवा असं कोण म्हणेल? तो थांबवेल कोण, एवढंच लोक बघतात. नंतर हाच शब्द उमेदवारालाही चिकटला. धोरण पटो न पटो, सचोटी, अनुभव, धडाडी यांमुळे मतदाराला जो बरा वाटतो, त्याचं व्हॅलन्स जास्त. सध्या ‘गुणवत्ता’ लिहिलंय, पण मन मानत नाही.

पारावरचा: गुणवत्ता नकोच, ती बोर्डाच्या यादीत शोभते. पेपरवाले ‘इलेक्टिव्ह मेरिट’ लिहितात, पण त्यात जात, पैसा, साखर कारखाना, सगळंच आलं. सरळ ‘वजन’ घ्या. वजनदार उमेदवार म्हटलं की कुणालाही कळतं.

ओसरी: ‘फायलीवर वजन ठेवा’ हेही कुणालाही कळतं हो!

खडूफळा: मुद्दा आणि उमेदवार यांना एकच शब्द पुरणार नाही. मुद्द्यासाठी ‘एकमुखी मुद्दा’ कसं वाटतं? बँकांचं राष्ट्रीयीकरण (१९६९) हा दुमुखी मुद्दा, बाजूने बोलणारे होते तसे विरोधातही होते. १९७१ चं ‘गरीबी हटाओ’ मात्र एकमुखी. गरिबी राहू द्या, अशी सभा कोण घेणार? समोरच्यांनी ‘इंदिरा हटाओ’ म्हटलं आणि भांडण धोरणावरून माणसावर आलं. म्हणजे व्हॅलन्सवरच. काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या.

उमेदवारासाठी शब्द ठरवण्याआधी तो लेखात काय काम करतो ते बघा. जुना हिशेब हॉटेलिंग (१९२९) आणि डाउन्स (१९५७) या अर्थतज्ज्ञांचा: दोन पक्ष मतं गोळा करायला मधल्या मतदाराकडे सरकतात आणि एकमेकांसारखे दिसू लागतात. पण त्यात दोन्ही उमेदवार सारख्याच तोलाचे धरलेत. अमेरिकी अभ्यासक ग्रोसक्लोज यांनी २००१ मध्ये एकाला थोडं जड केलं आणि चित्र पालटलं. गल्लीत वडापावच्या दोन गाड्या आहेत असं समजा. एकीचं नाव झालंय. दुसरीने तिच्या शेजारी तोच वडापाव लावला, तर गिऱ्हाईक नाव असलेल्याकडेच जाणार. म्हणून दुसरी गल्लीच्या टोकाला जाते. नाववालीला मात्र दुसरीने शेजारीच उभं राहावं असं वाटतं, म्हणून नाववाली मध्यात सरकते. तसंच कच्चा उमेदवार टोकाची भूमिका घेतो, भक्कम उमेदवार मवाळ होतो.

पारावरचा: म्हणजे अमेरिकेच्या १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतले उमेदवार गोल्डवॉटर! टोकाला गेले आणि जेमतेम सहा राज्यं हाती लागली.

खडूफळा: ते उदाहरण जपून वापरा. ते हरणार म्हणून टोकाला गेले, की टोकाला होते म्हणून हरले? माझ्या मते दुसरं. त्यांची मतं आधीपासूनच तशी होती. ग्रोसक्लोज यांचं म्हणणं उलट दिशेचं आहे, कमकुवतपणा आधी आणि टोक नंतर. भाषांतरात ‘म्हणून’ कुठे घालताय त्यावर सगळं अवलंबून.

जुनी वही: ‘पुण्याई’ कुणी सुचवली कशी नाही? वडिलांच्या पुण्याईवर निवडून आला, असं आपण सर्रास म्हणतो.

ओसरी: ती फक्त मिळालेली, कमावलेली नव्हे. आणि लेखात एक वाक्य आहे, घोटाळ्यानंतर उमेदवाराचं व्हॅलन्स घसरतं. पुण्याई सरते, संपते, पण घसरत नाही.

जुनी वही: मग ‘पत’. मिळते, कमावता येते, घसरते, जाते. आणि ती दुसऱ्याच्या नजरेत असते, स्वतःपुरती पत नसते.

पारावरचा: पतपेढीचा वास येतो.

ओसरी: थोडा येतो खरा, तरी फायलीवरच्या वजनापेक्षा बरा. ‘पत’ आणि ‘एकमुखी मुद्दा’ घेतेय. आता कमी पतीच्या उमेदवाराला काय म्हणू? ‘दुर्बळ’ फार केविलवाणं होतं.

पारावरचा: ‘पडेल’. पडेल उमेदवार.

खडूफळा: पण ग्रोसक्लोजचा उमेदवार टोकाला जातो तो पडू नये म्हणूनच. पडेल म्हटलंत तर निकाल आधीच लावलात.

ओसरी: खरंय. ‘कमी पतीचा’च ठेवते, लांब झालं तरी.