येऊरचा तळ: आधी सुरक्षा की आधी जंगल?

उपवनकर
ठाण्याजवळ येऊरच्या डोंगरावर हवाई दलाचा तळ आहे आणि त्याला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. माझं मत असं की, इथल्या कुंपणाचा आणि दिव्यांचा आराखडा वनखात्याला बरोबर घेऊनच ठरवावा. सरसकट उंच भिंत बांधून काय होतं? बिबट्या ती सहज चढतो, अडकतात चितळं आणि रानडुकरं. ज्याची भीती तो आत, बाकीच्यांची वाट बंद.

माजी सैनिक, कळवा
अजिबात पटलं नाही. पठाणकोट आठवा. जानेवारी २०१६ मध्ये अतिरेकी भिंत ओलांडूनच तिथल्या हवाई दलाच्या तळात घुसले, आपले ७ जवान गेले. रात्री झाडी हलली की जनावर आहे की माणूस, हे पहाऱ्यावरच्या पोराला क्षणात ठरवावं लागतं. त्याचा उजेड कमी करा म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

उपवनकर
साहेब, उजेड काढा म्हणतच नाहीये. दिव्यांना झाकण लावा, तोंड खाली करा, प्रकाश कुंपणाच्या पट्ट्यावरच पडू दे, जंगलात नको. जोडीला अंगाच्या उष्णतेवरून टिपणारे थर्मल कॅमेरे. त्यांना उजेड लागत नाही. भिंतीलगतची झाडी छाटायलाही माझी ना नाही.

माजी सैनिक, कळवा
येऊरचा जुलै पाहिलाय ना? धुक्यात आणि मुसळधार पावसात थर्मलची नजरही मंदावते. शेवटी भिंत आणि माणूसच कामी येतो.

पाड्यावरची
दादा, तुम्ही दोघं भिंतीवरच अडलात. बिबट्या वस्तीत येतो तो मुख्यतः कुत्र्यांसाठी. मेस असो, हॉटेल असो की बंगला, मागच्या दाराला उघडा ड्रम, त्यात उरलेला भात आणि हाडं, भोवती सात-आठ कुत्री. तो ड्रम आधी झाका. आणि खरं सांगू? तळाच्या हद्दीत निदान बिल्डर तरी शिरत नाही. २०१६ मध्ये उद्यानाभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकामांवर निर्बंध असलेला पट्टा, जाहीर झाला, तरी टर्फचे (कृत्रिम गवताच्या खेळाच्या मैदानांचे) दिवे आणि पार्ट्यांचे स्पीकर आमच्या पाड्यांपर्यंत येतातच. त्यावर धागा कोण काढणार?

माजी सैनिक, कळवा
ताई, कचऱ्याचं शंभर टक्के मान्य. कॅम्पात शिस्त असते, हे काम उद्या होऊ शकतं. भिंतीबाबत मात्र मी एक इंचही मागे हटणार नाही.

उपवनकर
भिंत राहू दे, साहेब. पण जिथे चितळांची जुनी पायवाट आहे, तिथे तळाची हद्द थोडी आत घेता येईल का, एवढं तरी वनखात्याबरोबर बसून बघायला काय हरकत आहे?